सूतभर मिस्त्रींची झोपायची खोली

मोकळी भिंत दिसली की मिस्त्रींच्या पोटात दुखायचं. तुम्हाआम्हाला जिथे नुसती भिंत दिसते तिथे त्यांना कपाट दिसायचं, दाराच्या डोक्यावर माळा दिसायचा, जिन्याच्या पोटात खण दिसायचे. गिऱ्हाईक बिचारं चाचरत विचारायचं, "मिस्त्री, खोली ही एवढीशी. पलंग, कपाट, पोरांची पुस्तकं, थंडीची पांघरुणं, एवढं सगळं बसेल का हो?" मिस्त्री कानामागची पेन्सिल काढायचे, टेप लावायचे, टेप गुंडाळायचे आणि एकच शब्द बोलायचे. "बसवतो."

आणि बसवायचे, यात खोटं काही नाही. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने दारात थांबायचं, असल्या खोल्यांत त्यांनी संसारच्या संसार बसवून दिले. बाकीचे सुतार बोटाच्या मापात बोलायचे, हे सुताच्या. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "सूतभर तासा", "सूतभर सरकवा", दिवसभर तोंडात तेच. लोकांनी नाव पाडलं सूतभर मिस्त्री, आणि राग यायचा सोडून या गृहस्थाने त्याचीच पाटी करून दारावर लावली. आता काय बोलायचं.

त्यांचं एक खूळ मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. मिस्त्रींना स्क्रूचा मनापासून राग. त्यांचं म्हणणं असं, की स्क्रू म्हणजे सुताराने आधीच दिलेली कबुली, की हे काम एक ना एक दिवस उघडणार आहे. ते एका लाकडाला खाच पाडायचे, दुसऱ्याला तिच्यात बसणारा दात ठेवायचे, मध्ये सरस भरायचे आणि ठोकून बसवून वरून असा रंधा फिरवायचे, की सांधा कुठे आहे ते घालणाऱ्यालाही सापडू नये. "माझं काम उघडत नाही," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे, आणि गिऱ्हाईक खूश होऊन मान डोलवायचं. उघडायची वेळ आली तर काय, हे कुणी विचारलं नाही. त्यांनीही स्वतःला विचारलं नाही.

आता त्यांच्या घराकडे वळू. तळमजल्यावरचं घर. पुढे एक खोली, तिच्याच एका अंगाला ओटा आणि शेगडी. तिच्यामागे झोपायची खोली, आणि झोपायच्या खोलीतून पलीकडे न्हाणीघर. म्हणजे अंघोळीला जायचं तरी झोपायच्या खोलीतूनच जायचं, दुसरी वाट नाही. ही खोली मिस्त्रींनी लग्नानंतर हळूहळू भरत आणली. पलंग केला तो छातीला लागेल एवढा उंच, कारण त्याच्या पोटात खणांच्या दोन रांगा. भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत कपाट. छताला तीन बाजूंनी माळा. कपाटाच्या कुशीत भिंतीतून खाली पडणारं टेबल, त्यावर बाईंचं शिवणयंत्र. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये जी फट उरली तिला मिस्त्री रस्ता म्हणायचे. बाई म्हणायच्या, "या खोलीत शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकून यावं लागतं."

बाई म्हणजे मिस्त्रीणबाई. अंगाने बारीक, तोंडाने तिखट. उशांचे अभ्रे, पडदे, गाद्यांच्या खोळी असलं शिवून देण्याचं काम त्या घरातूनच करायच्या. त्या खोलीत हातपाय हलवायचे तर एक क्रम होता आणि तो फक्त त्यांना ठाऊक होता. कपाटाचं दार उघडं असेल तर पलंगाचा खण निघायचा नाही. खण बाहेर असेल तर टेबल पडायचं नाही. टेबल खाली असेल तर न्हाणीघराचं दार अर्धंच उघडायचं. तेव्हा आधी हे लावायचं, मग ते ओढायचं, मग पलंगावर टेकायचं, मग तिसरं उघडायचं. दिवे गेले तरी बाई एका जागी उभ्या राहून, न चाचपडता, सुई काढायच्या, दोरा काढायच्या, मिस्त्रींचा धुतलेला सदरा काढायच्या. मिस्त्री मात्र साधा रुमाल घ्यायला गेले तरी काहीतरी कशाला तरी धडकायचं आणि ओट्यावरून आवाज यायचा, "थांबा, मी येते. तुम्ही फक्त बनवा."

बाईंनी जन्मात एकच गोष्ट मागितली. "खिडकीशी एक खुर्ची मावेल एवढी जागा सोडा हो. दुपारची बसेन जरा बाहेर बघत." खिडकी अर्धी कपाटामागे गेली होती. मिस्त्री म्हणाले, "खिडकीतून उभं राहूनही दिसतं की." झालं, विषय संपला. बाई उभ्या राहून बघत राहिल्या. असा हा आडमुठा माणूस, पण बायकोवर जीव होता, तेही खोटं नाही. कपाटाची सगळी दारं त्यांनी तिच्या हाताच्या उंचीला बेतली होती, स्वतःच्या नाही.

आणि एके दिवशी सकाळी अभ्र्याला शिलाई घालता घालता बाई टेबलावर कलंडल्या. अर्धांगाचा झटका. उजवा हात, उजवा पाय गेला. दवाखान्यात नेल्यावर जीव वाचला, पण डोक्यात थोडी कालवाकालव झाली. नवऱ्याला ओळखायच्या. लेकीला कधी ओळखायच्या, कधी नर्स समजून, "बाई, तुमची ड्यूटी संपली का?" असं विचारायच्या. लेक बाहेर व्हरांड्यात जाऊन रडून यायची.

एकदा नर्स त्यांच्या उशाखालची चादर ओढत होती, तर बाई डाव्या हाताने तिला अडवून म्हणाल्या, "आधी कपाट लावा, मग खण ओढा. नाहीतर अडकेल." नर्सने लेकीकडे बघितलं, लेकीने मान खाली घातली. मिस्त्रींचा चेहरा मात्र एवढ्या दिवसांत पहिल्यांदा उजळला.

"बरोबर सांगतेय ती," ते नर्सला म्हणाले. "अडकतंच ते."

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी बापलेकींना समोर बसवून सांगितलं, "पाय फारसा सुधारेल असं वाटत नाही. चाकांची खुर्ची लागेल, कायमची. डोक्याचं मात्र सांगता येत नाही. ओळखीच्या जागेत ठेवा. ओळखीच्या वस्तू, रोजचा उठायबसायचा क्रम. कधी कधी डोक्याच्या आधी हाताला आठवतं."

मिस्त्रींनी हे वाक्य गाठीला बांधलं. कारण लेकीचा बेत निराळा होता. ती दुसऱ्या गावी राहायची, मोठं घर, लिफ्ट, रुंद दारं. ती म्हणाली, "बाबा, आईला मी नेते. तुम्हीही चला."

"मी येऊन काय करू? तुझ्या भिंती मोजत बसू?" मिस्त्री म्हणाले. "आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ऐकलंस ना? ओळखीची जागा. तुझ्याकडे ती आठ दिवस राहिली असेल सगळी मिळून. तिथे नेलीस तर आहे तेवढंही विसरेल. मला विसरेल."

शेवटचे दोन शब्द त्यांना बोलायचे नव्हते, पण बोलून गेले. लेक म्हणाली, "ठीक आहे. शनिवारी सोडणार आहेत. तोपर्यंत ती खुर्ची तुमच्या त्या खोलीतून न्हाणीघरापर्यंत जाऊ दे आणि आत वळू दे. नाही जमलं, तर आई माझ्याकडे येणार आणि तुम्ही अडवायचं नाही."

मिस्त्री म्हणाले, "बसवतो."

खुर्ची भाड्याने आणली. मिस्त्रींनी ती रिकामीच ढकलत झोपायच्या खोलीच्या दारातून आत घातली. दार पार केलं आणि खुर्ची थांबली. डाव्या चाकाला पलंग, उजव्या चाकाला कपाट. पुढे जाईना, वळायची तर गोष्टच सोडा. मिस्त्रींनी तिला मागे घेतली, तिरकी केली, उचलून घातली. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर बाईंना सरकवायचं, तर पलंग छातीएवढा. त्यावर चढायला मिस्त्रीणबाई चांगल्या धडधाकट असतानासुद्धा खालच्या खणाच्या कडेवर पाय द्यायच्या. हे सगळं मिस्त्रींना त्या दारात उभं राहून, खुर्चीच्या मुठी हातात धरून कळलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

पण हार मानतील तर ते मिस्त्री कसले. त्यांनी पुढच्या खोलीत फरशीवर खडूने झोपायची खोली आखली, होती तेवढी, सुतासकट. पुठ्ठ्याचे तुकडे कापले, हा पलंग, हे कपाट, हे टेबल, ही खुर्ची. दिवसभर गुडघ्यांवर बसून तुकडे सरकवत राहिले. पलंग भिंतीला आडवा लावून बघितला, उभा लावून बघितला. कपाट न्हाणीघराच्या अंगाला नेलं. टेबल उडवलं. आयुष्यभर लोकांना जागा काढून देणारा माणूस, पण त्याने जी जागा काढली ती नेहमी काहीतरी ठेवायला. मोकळी ठेवायला जागा कशी काढतात, ते त्याला येत नव्हतं. पुठ्ठे कुठेही सरकवा, मधोमध खुर्चीला फिरायला जेवढं गोल लागत होतं तेवढं काही निघेना.

संध्याकाळी कोपऱ्यावरचा किराणावाला चौकशीला आला. खडूच्या रेघा बघून म्हणाला, "मिस्त्री, सोपं आहे. कपाट पुढच्या खोलीत आणा ना."

"आणतो," मिस्त्री म्हणाले. "दारातून कसं आणू, तेवढं तू सांग."

कपाट खोलीतच बनवलेलं. दारापेक्षा दुप्पट रुंद. किराणावाला दाराकडे बघत राहिला, कपाटाकडे बघत राहिला, आणि दुकानात गिऱ्हाईक आलं असेल म्हणून निघून गेला.

मग मिस्त्रींनी ते सुटं करायला घेतलं. सगळं एकमेकांत अडकवलेलं होतं. माळा कपाटावर टेकलेला, कपाट पलंगाच्या उशाच्या फळीत दात घालून बसलेलं, पलंग स्वतःच्या खणांच्या पेट्यांवर उभा. एकाला हात लावा, बाकीचे कुरकुरणार. म्हणजे कुठूनतरी एक सांधा सोडवायचा आणि मग एकेक फळी बाहेर काढायची. पटाशी आणि हातोडी घेऊन ते कपाटाच्या कोपऱ्याशी उभे राहिले. बोट फिरवलं. चष्मा काढून, लावून बघितलं. सांधा सापडेना. सापडू नये म्हणून तर एवढी मेहनत घेतली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेवटी अंदाजाने एके ठिकाणी पटाशी ठोकली, तर लाकडाचा ढलपा उडाला आणि सांधा भलतीकडेच निघाला. तिथे ठोकलं. सरस दगड झाला होता. हात भरून येईपर्यंत ठोकलं आणि कपाटाने काही दाद दिली नाही. मिस्त्री तसेच त्या फटीत, पाठ पलंगाला लावून खाली बसले. पाय पसरायलाही जागा नव्हती, म्हणून गुडघे पोटाशी घेऊन बसले.

गुरुवारी सकाळी लेक आणि जावई आले. जावई सालस माणूस. सासऱ्यापुढे कधी आवाज चढवलेला नाही. त्यांनी उडालेला ढलपा बघितला, खडूच्या रेघा बघितल्या आणि हळूच म्हणाले, "बाबा, तोडायला माणसं बोलावू का?"

लेक म्हणाली, "नाहीतर मग आई माझ्याकडे. त्यालाही माझी ना नाही."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मिस्त्रींनी कपाटाच्या दारावर तळवा ठेवला. मग म्हणाले, "जावईबापू, बोलवा. पण आधी तिचं सामान मला काढू द्या."

सामान काढतानाही फजिती. त्यांनी कपाटाचं दार उघडलं आणि खण ओढला, तो अडकला. दार लावलं, खण ओढला, तर टेबल आडवं आलं. टेबल उचललं तर खणातलं वरचं काहीतरी आडवं झालं. सगळं ज्याने बनवलं त्याला त्यातला क्रम येत नव्हता. लेक बघत होती. ती म्हणाली, "आई असती तर एव्हाना सगळं बाहेर असतं." मिस्त्री म्हणाले, "हो ना." आणि दोघंही जरा हसली. मग एकेक निघत गेलं. सदरे, पांघरुणं, दोऱ्यांची रिळं, बटणांचे डबे, लेकीचे लहानपणीचे लोकरीचे मोजे. पुढच्या खोलीत ढीग लागला. एवढं सगळं त्या खोलीत होतं यावर जावयांचा विश्वास बसेना.

तोडणारी दोन माणसं आली, विजेची करवत घेऊन. मिस्त्री पुढच्या खोलीत कपड्यांच्या ढिगाशेजारी बसून राहिले. आतून करवतीचा आवाज यायचा, मधेच थांबायचा, शिव्या ऐकू यायच्या, परत सुरू व्हायचा. थोड्या वेळाने त्यातला एकजण घाम पुसत पाणी प्यायला बाहेर आला.

"काका, हे केलं कुणी? तुटता तुटत नाही."

"होता एक," मिस्त्री म्हणाले.

"येडा होता का?"

"होता थोडा."

संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली. पलंगाचा एक खण तेवढा धड निघाला होता, तो मिस्त्रींनी उचलून दोऱ्यांच्या ढिगावर ठेवला. बाकी सगळं टेम्पोत भरून गेलं. लेकीने आणि जावयांनी कंबर कसून काम केलं, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. भिंतींना पांढरा रंग मारला. बुटकी लोखंडी खाट आणली, खुर्चीच्या उंचीची, सरकवायला सोपी. चाकांचे प्लास्टिकचे खण आणले, तीन, एकावर एक, हवे तिकडे ढकलता येणारे. खाट भिंतीला, खण कोपऱ्यात, मध्ये फरशी मोकळी. आणि खिडकी. पूर्ण खिडकी मिस्त्रींनी स्वतःसुद्धा कित्येक वर्षांत बघितली नव्हती. तिच्यातून समोरचा रस्ता, त्याच्या कडेचं झाड आणि झाडाखालचं सायकलचं दुकान सरळ दिसत होतं.

"बाबा, बसा बरं खुर्चीत," लेक म्हणाली. मिस्त्री बसले. तिने त्यांना दारातून आत आणलं, न्हाणीघरापर्यंत नेलं, तिथून वळवलं, खिडकीशी उभं केलं. कुठे काही लागलं नाही. मिस्त्रींनी स्वतः चाकं हातात घेऊन एक गिरकी मारली. परत एक मारली. जावयांनी टाळी वाजवली. त्या क्षणी मिस्त्रींना खरोखर आनंद झाला होता, सांगून ठेवतो. बाईला आता खिडकीशी बसता येईल, असं त्यांच्या मनात आलं. मागत होती बिचारी. लेक डोळे पुसत म्हणाली, "जिंकलात तुम्ही. आई इथेच राहणार."

शनिवारी बाईंना घेऊन गाडी दाराशी आली. जावयांनी उचलून खुर्चीत बसवलं. बाईंनी दारावरची सूतभर मिस्त्रींची पाटी बघितली आणि एका बाजूला ओढला गेलेला त्यांचा चेहरा एकदम खुलला. डाव्या हाताने त्यांनी चौकट चाचपली.

"आलो बाई एकदाचे घरी," त्या म्हणाल्या. लेकीने मिस्त्रींचा हात घट्ट धरला. पुढच्या खोलीत ओटा बघून बाईंनी विचारलं, "दूध तापवलं का?" मिस्त्रींना वाटलं, जिंकली लढाई. त्यांनी खुर्ची ढकलत झोपायच्या खोलीत नेली, मधोमध उभी केली आणि पुढे येऊन बायकोचा चेहरा बघत राहिले.

बाईंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. त्यांचा डावा हात मांडीवरून उठला आणि बाजूला गेला, जिथे कपाटाचं दार असायचं तिथे. तिथे काही नव्हतं. हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला, मग खाली, खणाच्या जागी गेला. तिथेही काही नव्हतं. त्यांनी हात परत घेऊन मांडीवर ठेवला आणि पदर सारखा केला.

"छान आहे खोली," त्या लेकीला म्हणाल्या. परक्या घरी गेल्यावर बोलतात त्या आवाजात. "हवेशीर आहे."

"आई, आपलीच आहे ही. नवीन केली तुझ्यासाठी."

"हो का," बाई म्हणाल्या आणि कसनुशा हसल्या. तेवढ्यात किराणावाल्याच्या बायकोने चहा पाठवला. बाईंनी डाव्या हाताने कप धरून, सांडू नये म्हणून जपून, दोन घोट घेतले. खिडकीकडे बराच वेळ बघितलं. मग मिस्त्रींना जवळ बोलावलं. ते वाकले.

"यांची खिडकी किती मोठी आहे हो," त्या हळूच म्हणाल्या, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने. "आपल्याकडे अशी पाहिजे होती."

मिस्त्रींनी तिच्या हातातला कप घेतला.

"चहा झाला," बाई म्हणाल्या. "निघूया आता. यांनाही त्यांची कामं असतील. किती वेळ बसायचं लोकांकडे?"

लेक गुडघ्यावर बसून सांगू लागली, "आई, हेच आपलं घर. बाबांनी सगळं काढून टाकलं, तुझी खुर्ची यावी म्हणून." जितकं सांगावं तितक्या बाई घाबऱ्या होत गेल्या. त्या लेकीकडे बघत होत्या आणि ती कोण हे आता त्यांना अजिबात आठवत नव्हतं. "अहो, घरी चला ना," त्या म्हणाल्या. "अहो, मला घरी न्या ना."

डॉक्टरीणबाईंचं वाक्य मिस्त्रींना पाठ होतं. आठवडाभर ते लेकीच्या तोंडावर फेकत होते. ओळखीची जागा, रोजचा उठायबसायचा क्रम, डोक्याच्या आधी हाताला आठवतं. शब्दन् शब्द पाठ होता आणि तरी, आपण तोडतोय ते काय, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. लेकीच्या नाही, जावयांच्या नाही. सगळ्यांना एकच दिसत होतं, खुर्ची बसली पाहिजे. आता कळलं आणि कळून उपयोग नव्हता. कपाट पुन्हा बनवायला घेतलं तर खुर्ची बाहेर. खुर्ची आत, तर घर बाहेर. यात मध्ये कुठे सूतभरही जागा नव्हती.

त्यांना तो वाचलेला खण आठवला. पळत जाऊन त्यांनी ढिगावरून तो आणला आणि बायकोच्या मांडीवर ठेवला. बाईंनी त्याच्या कडेवरून बोटं फिरवली. आतला कोपरा चाचपला. तिथे एक छोटी खाच होती, सुई खोवायची, खास त्यांच्यासाठी पाडलेली.

"हा आपला," त्या म्हणाल्या.

"आपलाच," मिस्त्री म्हणाले. "आपलाच आहे. बघ ना नीट."

बाईंनी खण पोटाशी धरला, खोलीभर नजर फिरवली आणि आवाज आणखी खाली आणला. "यांच्याकडे कसा आला हो? काही बोलू नका. माणसं चांगली आहेत. आपण आपला घेऊन जाऊ."

लेक तोंडावर हात ठेवून ओट्याकडे निघून गेली. जावई दारात उभे होते, ते बाजूला झाले. मिस्त्रींनी खिडकीकडे बघितलं, पांढऱ्या भिंतींकडे बघितलं. कुणी विचारलं असतं तर या वेळी बसवतो म्हणायलाही तोंड नव्हतं.

"चल," ते म्हणाले. "जाऊया घरी."

ते तिला घेऊन बाहेर पडले. इमारतीला वळसा घातला, किराणावाल्याच्या दुकानावरून, सायकलच्या दुकानावरून, झाडाखालून. बाई खण मांडीवर घेऊन बसल्या होत्या, वाऱ्याने त्यांना बरं वाटत होतं, वाटेत कुणीतरी विचारलं तर म्हणाल्या, घरी चाललोय. वळसा घालून परत दाराशी आले. पाटी बघून बाई खुलल्या. चौकट चाचपली. "आलो बाई एकदाचे घरी," त्या म्हणाल्या. ओट्यापाशी लेक उभी होती, तिला त्यांनी दूध तापवलं का ते विचारलं. मिस्त्रींनी पुढच्या खोलीतच थांबायला हवं होतं. पण बाईंनी मागच्या दाराकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "आत चला, मला जरा पडायचंय." त्यांनी खुर्ची आत नेली.

बाईंनी इकडेतिकडे बघितलं. त्यांचा डावा हात उठला, बाजूला गेला, परत आला. त्यांनी पदर सारखा केला.

"छान आहे खोली," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, मिस्त्रींच्या बाहीला धरून, "अहो, निघूया ना आता."

"निघूया," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी खुर्ची वळवली. ती एका दमात वळली, कुठेही न अडकता.